कवितेशेजारी चित्र ठेवायचे, तर निवड कशी करावी?

पेठेतली वाचक:
शाळेत असल्यापासून मला कवितेचा नाद आहे आणि आवडलेल्या कवितेसोबत एखादे चित्र वहीत चिकटवून ठेवण्याची सवयही तितकीच जुनी आहे. आता सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनकट्ट्यावर कविता आणि चित्रे यांची एक संध्याकाळ करायची असून सुरुवात बालकवींच्या ‘औदुंबर’ने व्हावी, असे मनात आहे. अडचण अशी, की झरा, हिरवळ आणि झाड असलेले निसर्गचित्र तिच्या शेजारी ठेवले की दोन्ही फिकी पडतात. जे कवितेत आहे तेच चित्रात नको असेल, तर जोडी लावायची तरी कशाच्या आधारावर?

जलरंग:
ताई, विषय बाजूला ठेवा आणि नजर कशी फिरते ते पाहा. ‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींची आहे. झरा, टेकडीकडचे चार घरांचे गाव, शेतमळे असे करत आपण पांढऱ्या पायवाटेवर येतो, ती वाट काळ्या डोहाकडे नेते आणि ज्याच्यासाठी हा सारा प्रवास, तो औदुंबर थेट शेवटच्या ओळीत भेटतो, तोही पाण्यात पाय टाकून बसलेला. याच चालीचे चित्र म्हणून मी सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रूगेल याच्या नावावर असलेले, ब्रसेल्सच्या संग्रहालयातले इकॅरसच्या पतनाचे चित्र सुचवेन; ग्रीक कथेतला हा इकॅरस पंखांचे मेण वितळून समुद्रात पडतो. (ते मूळ चित्राची प्रत असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.) पुढ्यात लाल बाह्यांचा शेतकरी नांगर धरून चालला आहे, त्याच्या खालच्या अंगाला मेंढपाळ, मग हिरवट समुद्र आणि गलबत, हे सगळे पाहून झाल्यावर उजव्या कोपऱ्यात पाण्याबाहेर राहिलेले इकॅरसचे पाय दिसतात. इंग्रज कवी ऑडेनने १९३८ साली लिहिलेल्या कवितेत हेच चित्र येते, पण ती त्या दिवशी वाचू नका. ती आली, की सगळी चर्चा तिच्यावरच होईल.

कसबेकर:
जलरंग यांची जोडी देखणी आहे, पण तोच विषय नको, हा नियम मला मान्य नाही. आपल्याकडच्या रागमाला चित्रांत, म्हणजे रागांना नायक-नायिकांच्या रूपात दाखवणाऱ्या चित्रांत, पुष्कळदा चित्राच्या माथ्यावरच पद्य लिहिलेले असते आणि पद्यात जी नायिका तीच खाली चितारलेली असते. तोडी रागाची नायिका वीणा घेऊन रानात उभी असते, भोवती हरणे जमलेली असतात. तरी ते फिके वाटत नाही, कारण जाणत्या रसिकाच्या कानात तोडी असते आणि शब्द व रंग दोन्ही तिच्याकडेच नेतात. ताईंनी निवडलेल्या चित्रांत बहुधा हिरवळ भरपूर असेल आणि डोह नसेल. बालकवींनी काळिम्याला ‘गोड’ म्हटले आहे; तसा काळिमा ज्यात सापडेल, ते चित्र खुशाल झऱ्याचे असू दे.

जाता जाता एक सुचवतो. आपल्या केळकर संग्रहालयाचे संस्थापक दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांची एखादी कविता घ्या आणि तिच्या जोडीला, चित्राऐवजी, त्यांनीच जमवलेल्या दिव्यांपैकी एखाद्याचे छायाचित्र लावून पाहा.

पडद्यामागचा:
निवडीइतकाच क्रम महत्त्वाचा आहे. आधी पडदा कोरा ठेवून कविता वाचावी, मग चित्र दाखवून मिनिटभर कोणी काही बोलू नये आणि चित्र समोर असतानाच कविता पुन्हा वाचावी. चित्र आधी दाखवले, तर श्रोते शब्द ऐकायचे सोडून त्यातला झरा शोधत बसतात. इकॅरसचे चित्र घेणार असाल, तर त्याचे नाव अगोदर मुळीच सांगू नका. नाव कळले, की प्रत्येक जण पहिल्यांदा पायच शोधणार आणि जलरंग यांनी वर्णिलेला नजरेचा सगळा प्रवास वाया जाणार.

ट्यूबलाइट चालू ठेवून प्रोजेक्टर लावलात, तर काळा रंग राखाडी दिसतो आणि डोह हातचा जातो. खोलीत पुरेसा अंधार होत नसेल, तर न चमकणाऱ्या कागदावर मोठी छपाई करून घेणे उत्तम. कविता पत्रिकेत छापायच्या असतील, तर बालकवींबाबत प्रश्न नाही, कारण ते १९१८ साली गेले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणून अलीकडच्या कवींसाठी मात्र वारसांची किंवा प्रकाशकांची लेखी परवानगी आधीच मागून ठेवा.