गल्ल्यावर बसलेली ती : आपापल्या गावातले अनुभव लिहा

म्हसवडची माणदेशी महिला बँक १९९७ साली उभी राहिली, ती गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या कांताबाईंना झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते, पण एवढ्याशा रकमेसाठी बँक खातं उघडून देईना. चेतना सिन्हांनी मग बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका अक्षरं गिरवायला बसल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमची माणसं कॅल्क्युलेटरशिवाय काढतात का बघा.

या गोष्टीतला तोंडी हिशेब मला सगळ्यात मोलाचा वाटतो. असा हिशेब डोक्यात ठेवून अख्खं दुकान ओढणारी बाई प्रत्येक तालुक्याच्या गावात असते, आणि कागदावर बहुतेक वेळा मालकांचं नाव असतं. तिच्याबद्दल लिहा. खरी नावं नकोत, पण काम नीट लिहा. माल कुठून आणायची, उधारी कशी वसूल करायची, गावानं मान कुठे दिला आणि डावललं कुठे. सुरुवात मीच करते.

सातारा जिल्हा, माण तालुका

माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. पिठाची गिरणी आणि मिरची कांडप. मामंजी गेल्यावर गिरणी विकायचं घरात जवळजवळ ठरलं होतं, पण आत्यांनी चाव्याच दिल्या नाहीत. दगडाला टाकी लावायला माणूस वेळेवर येत नसे, म्हणून तेही शिकून घेतलं. पीठ पडायला लागलं की मूठभर हातात धरून बघायच्या. फार गरम लागलं तर दगड घट्ट बसलाय, लगेच थोडा सैल करायच्या. तसंच दळलं तर ज्वारीची विरी जाते, भाकरी थापताना तुटते आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात येऊन ऐकवतं. आषाढी एकादशीच्या आधी गिरणी झाडूनपुसून फक्त राजगिरा, वरई आणि उपवासाची भाजणी. तेव्हा सख्ख्या पाहुण्याचा गव्हाचा डबासुद्धा परत जायचा.

शाळेच्या वेळात एखादी पोरगी दळण घेऊन आली की आत्या डबा ठेवून घ्यायच्या आणि तिला शाळेत पिटाळायच्या. “आईला सांग, दळण सांजच्याला मी पाठवते.” तीच पोरगी पुन्हा दिसली तर तिच्या घरी जायच्या. बऱ्याचदा तिथे सोयरिकीची बोलणी चाललेली असायची आणि मुलीला अजून अठरा पुरी नसायची. एका घरात बापानं विचारलं, “तुमचा काय संबंध?” आत्या म्हणाल्या, “तुमच्या घरातलं पीठ माझ्या हातनं जातंय, एवढा संबंध हाय.” आणि पोरगी शाळेतून घरी येईपर्यंत ओसरीवर बसून राहिल्या. ते लग्न त्या वर्षी झालं नाही.

चिपळूण

माझ्या मावशीचं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण तिनं भिंतीवर जपली होती आणि सगळा भारी माल त्या खुणेच्या वरच्या फळ्यांवर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पाण्यानं ती खूण कधी ओलांडली ते कळलंही नाही. पाणी उतरल्यावर आम्ही चिखलातून साड्यांचे गठ्ठे उपसत होतो, ती मात्र उधारीच्या वह्या शोधत होती. सापडल्या, पण पानं चिकटून नुसता लगदा झाला होता.

पुढच्या काही आठवड्यांत गिऱ्हाईकं आपणहून येऊन आकडे सांगून गेली. सगळे आले असं नाही. आले त्यात वाड्यांवरून येणाऱ्या बायका जास्त, आणि त्यांच्यातल्या कित्येकींची स्वतःची घरंही पाण्यात गेली होती.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. दुकान इतकी वर्षं ती चालवत होती, पण भाडेकरार आणि विमा थोरल्या दिरांच्या नावावर होता. भरपाई आली ती त्यांच्या खात्यात. त्यातलं तिला किती मिळालं ते इथे लिहीत नाही. नवा भाडेकरार तिनं स्वतःच्या नावावर करून घेतला. ज्यांच्या घरात असं दुकान आहे त्यांनी भाडेकरार, शॉप ॲक्ट, विमा आणि बँकेतलं चालू खातं, या कागदांवर कोणाचं नाव आहे ते आजच बघा.

विदर्भातून, थोडक्यात

आमच्या गावी एसटी स्टँडमागे काकूंची खानावळ आहे. मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच जेवतात. २०२१-२२ चा संप महिनोन्‌महिने चालला तेव्हा त्यांचे पगार बंद होते. काकूंनी ताट बंद केलं नाही. संप मिटल्यावर पगार झाला की एकेक जण थोडेथोडे पैसे ठेवून जायचा. मी तिथेच डबा लावून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलंय.

मराठवाडा, नगरपंचायतीचं गाव

मी स्वतःच दुकानदार आहे, कृषी सेवा केंद्र चालवते. वरचं सगळं वाचून बरं वाटलं, पण दुसरी बाजूही लिहिते. गणपतीच्या वर्गणीची पहिली पावती माझ्या नावानं फाटते. व्यापाऱ्यांच्या बैठकीचा निरोप मात्र माझ्या मुलाच्या फोनवर यायचा, आणि मुलगा पुण्यात नोकरीला. गावासाठी धावते म्हणून कौतुक होतं, पण धावायला जाते तेव्हा दुकान बंद असतं हे कोणी धरत नाही.

२०११ पासून आपल्याकडे स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. आमचा वॉर्ड महिलांसाठी सुटला तेव्हा पुढारी घरी आले आणि माझ्यासमोर आमच्या मालकांना म्हणाले, “वहिनींना उभं करू, कारभार तुम्ही बघा.” मी म्हटलं, वीस पोत्यांचा असो की ट्रकभर मालाचा, कारभार मीच बघते, तुम्ही माझ्याशी बोला. ते उठून गेले. मी अपक्ष उभी राहिले, पडले. तरी निराधार योजनेचे, पीक विम्याचे अर्ज भरून घ्यायला लोक माझ्याच काउंटरवर येतात, आणि मी भरूनही देते.

म्हणून पुढे लिहिणाऱ्यांना सांगणं आहे. बाईनं गावाचं काय केलं ते लिहाल तिथे गावाकडे तिचे किती पैसे अडकलेत तेही लिहा. खरिपाला दिलेलं सोयाबीनचं बियाणं आणि खत, त्याची वसुली दिवाळीनंतर व्हायला हवी होती. भाव पडला म्हणून बरीच उधारी अजून उभी आहे. शेतकऱ्याला मी काय बोलणार, त्याचीही गाठ सुटलेली नाही. पण येत्या जूनचा माल कंपनी मला उधार देत नाही, तो रोखीनंच उचलावा लागणार आहे.