खुबा बदलल्यावर माउंटन बाइक: आधी क्रँक बघा

भाऊ, खुबा बदलून तीन महिने झाले, डॉक्टरांनी सायकलला होकार दिला, तर नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या कच्च्या वाटेवर माउंटन बाइक घेऊन जाऊ का, असं विचारलंत. थोडं थांबा, आधी सायकल बदला.

ऑपरेशनचा छेद खुब्याच्या मागून घेतला असेल तर मांडी ९० अंशांपलीकडे उचलली जाणं आणि त्याच वेळी पाय आत वळणं, यात सांधा निखळू शकतो. म्हणून क्रँक (पेडल ज्याला बसतं ती दांडी) १७५ मिमीऐवजी १६५ मिमीचा लावा, सीट १० मिमी वर घ्या. पेडल वर आल्यावर पाऊल सीटच्या मानाने २० मिमी खाली राहतं, त्यामुळे मांडी कमी उचलली जाते. हँडलही उंच करा.

बुटाला अडकणारे क्लिपचे पेडल नकोच. सोडवताना टाच बाहेर जाते, म्हणजे खुबा आत वळतो. नेमकं तेच टाळायचंय. साधे सपाट पेडल लावा. बसताना सायकल आडवी कलवा, थांबताना चांगला पाय टेका. ड्रॉपर पोस्ट (चालवतानाच सीट खाली-वर करता येणारा दांडा) असेल तर सोन्याहून पिवळं.

फुटाळा तलावाजवळच्या डांबरी रस्त्यावर ४५ मिनिटं चालवून दुसऱ्या दिवशी लंगडलं नाही, तरच चढावर जा. पावसाळ्यात मात्र कच्ची वाट विसरा, काळी माती चाकच धरते. कृत्रिम सांध्याच्या झिजेपेक्षा पडण्याची भीती मोठी: त्याच्या मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याभोवतीचं हाड मोडलं की पुन्हा मोठं ऑपरेशन.