टर्मिनेटर : दुसऱ्या भागानंतर तुमचा हिरमोड कुठे झाला?

भविष्यातून आलेल्या मारेकरी यंत्रमानवांच्या या हॉलिवूड सिनेमांपैकी १९८४ चा पहिला आणि १९९१ चा दुसरा, यांच्यावरून इथे भांडण नको. प्रश्न पुढच्या चार भागांचा आहे : २००३, २००९, २०१५ आणि २०१९. नेमकं काय खटकलं ते लिहा. ‘सगळेच टुकार’ असं एका ओळीत लिहून पळायचं नाही. शेवट फुटेल म्हणून आता कोणी जपूही नका.

सुरुवात मीच करतो. दुसरा भाग भाड्याच्या कॅसेटवर पाहिला होता. टर्मिनेटर झालेला अर्नोल्ड श्वार्झनेगर वितळलेल्या पोलादात उतरतो तो प्रसंग कॅसेट परत करायच्या आधी पुन्हा लावला होता. त्या उधारीवर २००३ मध्ये तिसऱ्याला गेलो. अर्नोल्ड बारमधून बाहेर येतो, ऐटीत गॉगल चढवतो, आणि तो गॉगल चांदणीच्या आकाराचा निघतो. थेटर हसलं, मीही हसलो. पण नायिका सारा कॉनर कुठेय? तर ती ल्युकेमियानं गेली, हे आपल्याला नुसतं सांगून उरकलं, आणि तिच्या शवपेटीत निघाली हत्यारं! जिच्यासाठी आधीचे दोन सिनेमे उभे राहिले, तिला एका संवादात गुंडाळलेलं पाहून मला राग आला होता. अजून आहे.

*

तिसऱ्याबद्दल प्रचंड असहमत. गॉगल सोडा, शेवट आठवा. साराचा मुलगा जॉन आणि त्याची साथीदार केट डोंगरातल्या क्रिस्टल पीकला पोचतात. माणसांवर उलटलेल्या स्कायनेट या संगणकप्रणालीचा गाभा तिथे असेल, तो उडवू, अशी त्यांची आशा. आत बघतात तर जुनाट यंत्रं आणि पुढाऱ्यांसाठी बांधलेला बंकर. स्कायनेट एका जागी नाहीच, ते सॉफ्टवेअर होऊन जगभर पसरलंय. क्षेपणास्त्रं सुटतात आणि सिनेमा संपतो. त्या काळात एवढा महागडा हॉलिवूडपट असा संपवायला धाडस लागत होतं.

आता तक्रार. दुसऱ्या भागाचा सगळा जीव ‘भविष्य आपल्या हातात आहे’ यात होता. तिसरा म्हणतो, प्रलय टळलाच नव्हता, फक्त पुढे ढकलला गेला होता. स्कायनेटचं आपलंच संशोधन नष्ट करताना दुसऱ्या भागातला माइल्स डायसन मग उगाच मेला का? शेवट मला आवडतो आणि त्याच शेवटामुळे मी त्या सिनेमाला माफही करू शकत नाही.

*

मी ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे २००९ च्या भागाबद्दल बोलायचा हक्क माझाच. शेवटी जॉनच्या हृदयात सळई घुसते. मग मार्कस, म्हणजे अर्धा माणूस अर्धं यंत्र, म्हणतो माझं हृदय घ्या. आणि हे लोक उघड्या माळावर, तंबूत प्रत्यारोपण करतात! अरे, कोणी रक्तगट तरी विचारा! आमच्याकडे साध्या बायपासला किती माणसं आणि किती यंत्रं लागतात हे माहीत असल्यावर तो प्रसंग गंभीरपणे बघणं शक्यच नव्हतं. बाजूला बसलेल्या नवऱ्यानं मला कोपरानं ढोसून गप्प केलं.

बाकी जॉन झालेला क्रिश्चन बेल सगळा सिनेमाभर ओरडतो. अँटन येल्चिनचा कोवळा काइल रीस, म्हणजे जॉनचा होणारा बाप, मात्र मनापासून आवडला. तो पुढे लवकर गेला, वाईट वाटतं.

*

२००९ चा भाग आला तेव्हा मी कॅलिफोर्नियात होतो. खरा अर्नोल्ड सॅक्रामेंटोत गव्हर्नर म्हणून राज्याच्या अंदाजपत्रकाशी झुंजत होता आणि पडद्यावर दुसऱ्याच पहिलवानाच्या अंगावर त्याचा संगणकानं केलेला चेहरा. तिकिटाचे पैसे त्या दोन मिनिटांत वसूल झाले. उरलेल्या वेळाचं काय ते विचारू नका.

*

२०१५. मला सिनेमानं नाही, ट्रेलरनं मारलं. जॉन कॉनर स्वतःच यंत्र झालाय, हा सिनेमातला सगळ्यात मोठा धक्का ट्रेलरमध्येच फोडून टाकला. जॉन झालेला जेसन क्लार्क पडद्यावर प्रेमानं बोलायला लागला की आम्ही मित्र एकमेकांकडे बघायचो, कारण पुढचं ठाऊक होतं. हेच २००९ च्या ट्रेलरनं मार्कसबाबत केलं होतं. म्हणजे अनुभवातून शिकायचंच नाही असं ठरलेलं.

त्यातला १९८४ सालात घडणारा तुकडा मात्र मजेचा आहे. पहिल्या सिनेमातले प्रसंग पुन्हा उभे केलेत आणि तरुण अर्नोल्डसमोर म्हातारा अर्नोल्ड उभा ठाकतो. ते बघताना लहान झालो. पण तिथून २०१७ ला उडी मारली की कोण कुठल्या काळातला याचा हिशेब ठेवता ठेवता डोकं उठतं. नामावलीच्या मध्येच पुढच्या भागाची नांदी आहे. तो भाग कधी आलाच नाही.

*

वर कोणीतरी ‘शिकायचंच नाही’ म्हटलंय. शिकणार कोण? दर वेळी मालक वेगळा. दिग्दर्शक जेम्स कॅमेरननं पहिल्या सिनेमाचे हक्क निर्माती गेल अ‍ॅन हर्डला एका डॉलरला दिले होते, दिग्दर्शन मलाच करू द्या या अटीवर. दुसरा भाग काढणारी कॅरोल्को कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. चौथा काढणारी हॅल्सियन सिनेमा लागला त्याच वर्षी दिवाळखोरीत. मग हक्क पुन्हा विकले गेले. २००९, २०१५ आणि २०१९ चे तिन्ही भाग नव्या त्रयीचा पहिला भाग म्हणून योजलेले, आणि तिन्ही त्रयी पहिल्याच भागात आटोपल्या. नवा जावई आला की जुन्यानं लावलेलं झाड आधी उपटतो, तसं चाललंय.

*

माझं दुखणं २०१९ चं. पहिल्या दोन भागांतली सारा, म्हणजे लिंडा हॅमिल्टन, परत येणार म्हणून लेकीला मुद्दाम दुसरा भाग दाखवला. ती जॉनच्या प्रेमातच पडली. दुसऱ्या दिवशी थेटरात नवा भाग सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच एका टर्मिनेटरनं त्या पोराला गोळ्या घातल्या. लेक माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, मग काल आपण काय बघितलं?” मला उत्तर सुचेना.

तरी हॅमिल्टनसाठी मी तो सिनेमा पुन्हा बघेन. साठी उलटलेली बाई खांद्यावर बंदूक घेऊन गाडीतून उतरते आणि तिला तरुण दाखवायची कोणाला गरज वाटत नाही, हे आपल्याकडे कधी बघायला मिळणार? नवी नायिका डॅनी आणि तिला वाचवायला भविष्यातून आलेली ग्रेस, दोघीही चांगल्या आहेत. पण स्कायनेट जाऊन ‘लीजन’ आलं, जॉन जाऊन डॅनी आली, बाकी पाठलाग तोच. मग त्या पोराला मारून मिळवलं काय?

*

ताई, लेकीला २००८-०९ ची सारा कॉनरवरची मालिका दाखवा. दोनच सीझन आहेत, मध्येच तोडलीय, तरी या चारही सिनेमांपेक्षा सरस. सारा म्हणून लीना हेडी आहे.

*

आणि २०१९ च्या भागात अर्नोल्ड पडद्यांचा धंदा करतो, हे कोणीच लिहिलं नाही? लहान मुलीच्या खोलीला एकरंगी पडदे कसे चालणार नाहीत, हे तो जितक्या गंभीरपणे सांगतो तितक्या गंभीरपणे चारही भागांत कोणी काही बोललेलं नाही. माझा पडदे-सोफ्याचा व्यवसाय आहे. त्याचं म्हणणं बरोबर आहे.