राजपालयम कुत्र्याच्या पांढऱ्या रंगाचा इतिहास: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. तमिळनाडूतल्या विरुधुनगर जिल्ह्यातल्या राजपालयम गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राखणदार कुत्र्यावर मी लेख लिहितोय. पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा, घरच्यांवर जीव टाकणारा आणि परक्याला दारात उभं न करणारा. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ, रामपूर आणि हिमालयन शीपडॉगसोबत हाही होता.

माझी अडचण रंगाची आहे. पांढरीच पिल्लं निवडण्याच्या हट्टापायी या जातीत बहिरेपण शिरलं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात; तिथे त्या नसल्या की पिल्लू बहिरं होतं. राखणीच्या कुत्र्यावर हा फार मोठा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

हा हट्ट नेमका कधीपासूनचा? पाळेगारांच्या, म्हणजे तिथल्या जुन्या स्थानिक सरदारांच्या काळापासूनचा, की अलीकडच्या डॉग शोंमुळे वाढलेला? तिथल्या जुन्या ब्रीडरशी कोणी बोललंय का? रंगीत राजपालयमचे जुने फोटो किंवा तमिळ लेख कोणाकडे असतील तर कृपया इथे टाका. तमिळ वाचून अर्थ सांगणारं कोणी भेटलं तर फारच उपकार होतील.