मदत हवी आहे: किनाऱ्यावरच्या बांबू-झावळ्यांच्या मांडवाचे खांब आणि छप्पर टिकवायचे कसे?

धागाकर्ता
समुद्रकिनाऱ्यालगत ४ × ५ मीटरचा, चारही बाजूंनी उघडा मांडव उभारायचा आहे. जाळी वाळवणं, होडीची डागडुजी आणि बसायला सावली, एवढाच उपयोग. सिमेंट आणि पत्रा टाळायचा आहे. बांबू, जुने माड, झावळ्या, सुंभ, काळा दगड आणि चुना जवळच मिळतो. जागा उधाणाच्या भरतीरेषेच्या वर, वेलींनी धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकाडामागे आहे. जमीन निव्वळ वाळूची. पावसाळ्यात मीटरभर खणलं की पाणी लागतं. सहा खांब धरले आहेत.

खांब सरळ वाळूत पुरावेत का, आणि किती खोल? छपराला उतार किती द्यावा? बांबू समुद्राच्या पाण्यात मुरवला की भुंगा लागत नाही म्हणतात, तेवढं पुरेल का? आणि सांध्यांना खिळे की दोर?

ओळंबा
आधी वाऱ्याचा हिशोब करा, बाकीचं त्यावरून ठरतं. एवढ्या हलक्या मांडवाला स्वतःचं वजन पेलणं मुळीच जड जात नाही. वारा त्याला खालून उचलतो, आणि उघड्या मांडवाला तर जास्तच.

वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. वेग ४० धरला (ताशी १४४ किलोमीटर) तर ९६० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण ९८ किलो. वळचण चहूकडून ४५ सेंटिमीटर बाहेर काढली तर छपराखाली सुमारे २९ चौरस मीटर जागा येते. सगळा दाब वरच्या दिशेने धरला तर ओढ २,८०० किलोंच्या आसपास. झावळ्या, वासे, तुळया मिळून ८०० किलो भरतील. उरलेले २,००० किलो सहा खांबांनी जमिनीत धरून ठेवायचे, म्हणजे खांबामागे साडेतीनशेच्या जवळ. कोपऱ्यांवर ओढ जास्त येते, म्हणून प्रत्येकी ६०० धरून चला.

नुसता पुरलेला खांब वाळूतून उपसून निघतो. बुडाशी रुंद पाय हवा, म्हणजे वरची वाळूच त्याला दाबून ठेवते. ६० × ६० सेंटिमीटरचा पाय १.२ मीटर खोल असेल तर त्यावर सुमारे ६९० किलो कोरडी वाळू बसते. पण पाणी वर चढलं की बुडालेल्या वाळूचं वजन घनमीटरला १,६०० वरून १,००० किलोंच्या आसपास उतरतं, आणि तोच पाय जेमतेम ४३० किलो धरतो. छपरं बहुधा भर पावसात जातात त्याचं हे एक कारण. तुमच्या जागेसाठी पाय ७५ × ७५ करा. पाणी पार वर आलं तरी ६७५ किलो मिळतात.

लाकूड किंवा बांबू वाळूत पुरूच नका. हवा आणि ओल दोन्ही एकत्र मिळतात तो जमिनीलगतचा वीतभर पट्टा आधी कुजतो, वरचा खांब ठणठणीत असला तरी. त्याऐवजी काळ्या दगडाचा घडीव खुंट घ्या: १५ × १५ सेंटिमीटर, लांबी १.६५ मीटर, वजन शंभर किलोंच्या घरात. १.२ मीटर जमिनीत, ४५ सेंटिमीटर वर. सच्छिद्र दगड नको, आडव्या जोराने तो मोडतो. बुडाकडे चारही बाजूंनी खाचा पाडा आणि भोवती ७५ × ७५ × ३५ सेंटिमीटरचं डबरकाम करा. चुना १, सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) १, वाळू २. सुरखी वगळू नका. नुसता चुना हवेवर घट्ट होतो, ओल्या खड्ड्यात तो मऊच राहतो. वाळू किनाऱ्यावरची घेतली तर गोड्या पाण्याने नीट धुवा. मीठ राहिलं की फुलारा येतो आणि जोड भुसभुशीत होतो. हे काम कोरड्या दिवसांत करा, आणि महिनाभर त्यावर ओढ येऊ देऊ नका.

वर खांब म्हणून माडाच्या ५ × १२ सेंटिमीटरच्या दोन फळ्या, मध्ये खुंट. फळ्यांचं बूड वाळूपासून १५ सेंटिमीटर वर ठेवा. खुंटातून आरपार दोन १२ मिलिमीटरचे बोल्ट, फळीच्या टोकापासून १० सेंटिमीटर सोडून. वर दीड-दीड हातावर फळ्यांमध्ये लाकडी ठोकळे घाला. एक फळी खराब झाली तर छप्पर न उतरवता बदलता येते. फळ्या खोडाच्या बाहेरच्या गडद, जड भागाच्याच घ्या. माडाचा गाभा मऊ असतो आणि लवकर जातो.

वासा
उतार ४५ अंशांपेक्षा कमी नको. त्याखाली आलं की पाणी झावळीवर रेंगाळतं आणि ती आतून कुजते. छप्पर चौपाखी करा. दोनपाखी छपराच्या उघड्या त्रिकोणात वारा थेट शिरतो. वळचण ओळंब्यांनी सांगितली त्याहून लांब काढण्याचा मोह टाळा, वारा पहिल्यांदा तिलाच धरतो. विणलेल्या झापांची प्रत्येक ओळ १० ते १५ सेंटिमीटरच उघडी राहील अशी एकावर एक चढवा. सगळ्यावर जुनं मासेमारीचं जाळं पसरून ते वाश्यांना नव्हे, खालच्या तुळईला बांधा. आणि प्रत्येक खांबाच्या माथ्याला दोन्ही दिशांनी तिरके टेके द्या. खुंटावर बसवलेला खांब स्वतःहून ताठ उभा राहत नाही.

खारवट
बांबूबद्दल. पाण्यात मुरवल्याने साखर आणि पिष्ट निघून जातं, भुंगा कमी लागतो, हे खरं. पण समुद्राच्या पाण्यात दोन तोटे: लाकूड पोखरणारे समुद्री किडे तिथेच शिरतात, आणि आत राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं, शिवाय बोल्ट खातं. १०० लिटर गोड्या पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अॅसिड घ्या. बांबू तीन वर्षांहून जुना हवा. आतले पडदे सळईने फोडून त्यात दहा ते चौदा दिवस पूर्ण बुडवा, मग सावलीत वाळवा. हातमोजे घाला, उरलेलं पाणी झाडांच्या मुळाशी किंवा समुद्रात ओतू नका. हे औषध पावसाने धुऊन जातं, म्हणून बांबू छपराखालीच वापरा: वासे आणि पट्ट्या. टेके वळचणीच्या आत येतील असे बसवा.

खिळा मुळीच नको, बांबू चिरतो. भोक पाडून लाकडी खुंटी, त्यावर सुंभाचे वेढे, आणि सांधा गाठीजवळ घ्या. बांबू पूर्ण वाळल्यावरच बांधा. ओला बांधला तर वाळताना आक्रसतो आणि वेढे सैल पडतात.

धागाकर्ता
सविस्तर उत्तरांसाठी आभार. बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले चालतील का? आणि माडाच्या फळीला तुळई कशी धरायची?

ओळंबा
मुलाम्याचे बोल्ट खाऱ्या वाऱ्यात टिकत नाहीत, आणि फळीच्या आत गंजलेला बोल्ट बाहेरून दिसतही नाही. स्टेनलेसमध्ये ३१६ ग्रेड मागा. ३०४ वर खाऱ्या हवेत डाग आणि बारीक खड्डे पडतात. सहा खांबांना बाराच बोल्ट लागतात, तिथे काटकसर नको. तुळई दोन फळ्यांच्या मध्ये वरच्या ठोकळ्यावर बसवा आणि आरपार लाकडी खुंटी मारा. पण खुंटीवर विसंबू नका: दोर तुळईवरून घेऊन त्याच फळ्यांना, ठोकळ्याच्या खालून बांधा, म्हणजे ओढ खुंटापर्यंत सलग पोचेल. पावसाळ्याआधी हे सगळे वेढे तपासून पुन्हा ताणा.