बाबांना दमा आहे, फिनिक्सला कधी बोलवू?

गिल्बर्टहून

नमस्कार मंडळी,

आई-बाबांचं नाशिकहून इकडचं, म्हणजे ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या उपनगरातलं, तिकीट काढतोय. बाबा ७१ वर्षांचे, दमा आहे, पंप कायम खिशात. नाशिकला दिवाळी सरली की त्यांची छाती वाजायला लागते. म्हणून डिसेंबरच्या मध्याला त्यांना इकडे आणावं आणि फेब्रुवारीअखेर परत पाठवावं, असं डोक्यात आहे. ऑफिसात सगळे म्हणतात, हिवाळ्यात फिनिक्ससारखी हवा नाही. कुणाचं दम्याचं माणूस डिसेंबरात इथे राहून गेलंय का?

चँडलरहून काकू

अरे, ऑफिसातले सांगतात ती दुपारची हवा. रात्रीची कोण बघतं?

आपण दरीत राहतो, हे विसरायला होतं. हिवाळ्यात ऊन उतरलं की इथली जमीन झपाट्यानं गार पडते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, आणि वर ऊबदार हवा पातेल्यावरच्या झाकणासारखी बसून राहते. वाऱ्याचा पत्ता नसतो. मग घरोघरच्या फायरप्लेसचा धूर जाणार कुठे? नाताळ आणि ३१ डिसेंबर या रात्री सगळ्यात वाईट, कारण लाकडाच्या जोडीला फटाके. एका १ जानेवारीला सकाळी सहाला फिरायला निघाले, तर साउथ माउंटनवरच्या टॉवरचे लाल दिवे दिसेनात. डोंगरच नव्हता! आमच्या ह्यांना दमा नाही, तरी दहा वाजेपर्यंत खोकत होते.

हवा बिघडणार असेल तर काउंटी (इथलं जिल्हा प्रशासन) आदल्या दिवशी 'नो बर्न डे' जाहीर करते. त्या दिवशी घरात लाकूड पेटवायचं नाही, परसात शेकोटीही नाही. (आपल्या शेकोटीच्या कार्यक्रमाची तारीख ठरवणाऱ्यांनी हे वाचावं. नाव घेत नाही.)

टेम्पीहून

काकू, इतकं घाबरवू नका, नाहीतर कुणी येणारच नाही. उन्हाळ्यापेक्षा डिसेंबर केव्हाही बरा. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा वर होता, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या पुढे. त्यात गाड्यांच्या धुरावर ऊन पडून ओझोन तयार होतो. दुपारी चढतो, डोळ्यांना दिसत नाही, छातीला बरोबर कळतो. मास्क लावून तो अडत नाही. दुपारी घरात बसणं एवढाच उपाय.

आणि जुलै-ऑगस्टातला हबूब, म्हणजे धुळीचं वादळ! ५ जुलै २०११ चा पाहिलेले लोक या लिस्टवर असतीलच, जवळपास मैलभर उंच भिंत होती. आपल्याकडे वळवाच्या आधी धुळीचा लोट येतो, तसाच प्रकार. ढग कोसळताना खाली आदळलेली गार हवा पुढे धावते आणि पडीक शेतांची माती उचलते. फरक एवढाच की इथे पाऊस बऱ्याचदा येतच नाही, नुसती धूळ देऊन जातो. आला तर मात्र क्रिओसोटच्या झुडपांचा असा वास सुटतो की पहिल्या पावसाच्या मातीची आठवण यावी.

कुणी गाडीत सापडलंच तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबा, दिवे बंद करा, ब्रेकवरचा पायही काढा. मागचा माणूस तुमच्या लाल दिव्याला रस्ता समजून थेट अंगावर येतो.

मेसाहून

धुळीचा विषय निघालाच आहे तर सांगते. सासरे ऑक्टोबरात आमच्याकडे होते. पलीकडच्या प्लॉटवर नव्या घरांसाठी जमीन सपाट करत होते आणि हे रोज कुंपणाशी उभे राहून बुलडोझर बघायचे, त्यांचा आवडता कार्यक्रम. पुण्याला परतल्यावर दोन आठवड्यांत ताप, कोरडा खोकला. जिना चढवेना. एक्स-रेत डाग दिसला आणि तिथे टीबी धरला. डॉक्टरांना कसा दोष द्यायचा? ॲरिझोना हा शब्द आम्हीच काढला नव्हता.

तो व्हॅली फीवर होता. इथल्या मातीतल्या बुरशीचे कण श्वासातून जातात. अमेरिकेतले निम्म्याच्या आसपास रुग्ण आपल्या राज्यात सापडतात. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पुष्कळांना काही जाणवतही नाही. पण वय आणि मधुमेह असेल तर जपावं लागतं. लक्षणं यायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणजे पाहुणे तोवर घरी पोचलेले असतात. बाबांच्या फाइलीत पहिल्याच पानावर लिहून ठेव: ॲरिझोनात राहून आलेत, ताप-खोकला टिकला तर व्हॅली फीवरची रक्ततपासणी करा.

गिल्बर्टहून

सगळ्यांचे आभार. तिकीट ८ जानेवारीचं केलं, म्हणजे फटाके टळले. फाइलीचं आईला फोनवर सांगितलं, तिनं तिथल्या तिथे कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. फायरप्लेसला खोकं लावून टाकलंय. परतीचं एप्रिलअखेर करू का?

चँडलरहून काकू

एप्रिल नको. तेव्हा ऑलिव्हचे पराग उडतात, दम्याला ते धुराइतकेच वाईट. मार्चमध्ये संत्र्याला मोहर येतो, तो वास त्यांना घेऊ दे आणि महिना संपायच्या आत विमानात बसव. संक्रांतीला दोघांनाही घेऊन ये. आईंना म्हणावं, गूळ आणू नका, इथे मिळतो. हलव्याचे दागिने मात्र हवेत.