चार तासांचे लक्ष्य तेहेतीस मिनिटांनी हुकले. या निकालातून मनाने कसे सावरावे?

पहाटधाव (पुणे):

नमस्कार. २१ जानेवारी २०२४ रोजी झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये मी आयुष्यातली दुसरी पूर्ण मॅरेथॉन (४२ किलोमीटर) धावलो. माझे वय ३८ आहे. गेल्या वर्षी पहिल्या प्रयत्नात मला ४ तास २१ मिनिटे लागली होती. यंदा चार तासांच्या आत पोहोचायचे, हे एकच लक्ष्य डोळ्यांसमोर ठेवून मी जुलैपासून सराव करत होतो. आठवड्यातून चार दिवस धावणे, दोन दिवस व्यायाम आणि रविवारी पाषाण-बाणेरच्या रस्त्यांवर लांब पल्ल्याची धाव, असा क्रम मी फारसा चुकवला नाही. ३२ किलोमीटरच्या तीन धावा झाल्या. डिसेंबरमध्ये पुण्यातच अर्ध्या मॅरेथॉनचे अंतर १ तास ४९ मिनिटांत पार केले, तेव्हा हे लक्ष्य आवाक्यात आहे, असे बरोबरच्या सगळ्यांचे मत पडले.

प्रत्यक्षात मला ४ तास ३३ मिनिटे लागली. पहिले १० किलोमीटर ५३ मिनिटे ३० सेकंदांत, अर्धे अंतर १ तास ५४ मिनिटे ४० सेकंदांत आणि ३० किलोमीटर २ तास ४८ मिनिटांत झाले होते. त्यानंतर मांड्या दगडासारख्या झाल्या. चार तासांचा पेसर, म्हणजे बरोबर चार तासांत पोहोचवणाऱ्या गतीने धावणारा सोबती, मला मागे टाकून गेला, त्याच्या घोळक्यातल्या एकाने पाठीवर हात ठेवून ‘चला दादा, आमच्याबरोबर चला’ असे म्हटले, आणि मला त्यांच्याबरोबर शंभर पावलेही जाता आले नाही. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ मी जवळजवळ पूर्ण चालत चढलो. तिथे एक आजी ताटलीत संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातात एक फोड ठेवली आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून रडलो.

आज नऊ दिवस झाले. पाय बरे आहेत, पण बूट घालावेसे वाटत नाहीत. कार्यालयात कोणी विचारले की ‘झाली पूर्ण’ एवढेच सांगून मी विषय बदलतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीने स्पर्धेच्या आधी स्केचपेनने ‘३:५९’ असा आकडा रंगवून, त्याच्याभोवती सूर्य काढून तो कागद फ्रिजवर लावला होता. तो काढावा असे मला रोज वाटते आणि तिच्यादेखत काढवत नाही. सहा महिने पहाटे साडेचारला उठून, घरच्यांचे रविवार खर्ची घालून मी गेल्या वर्षीपेक्षाही मागे पडलो, ही गोष्ट मनातून जात नाही. ज्यांनी असा निकाल पचवला आहे, त्यांनी कृपया सांगावे, की तुम्ही यातून कसे बाहेर पडलात, आणि पुढच्या जानेवारीचा विचार मी आत्ताच करावा की काही काळ थांबावे?

दख्खनवारा (डोंबिवली):

तुमचे पत्र वाचताना माझी २०१७ सालची मॅरेथॉन आठवली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. धीराचे शब्द इतर मंडळी लिहितीलच. मला तुमच्या आकड्यांविषयी बोलायचे आहे, कारण तुमच्या दुःखाचा मोठा भाग ‘मी कमी पडलो’ या समजुतीतून आलेला आहे आणि आकडे काही वेगळेच सांगत आहेत.

चार तासांत मॅरेथॉन पूर्ण करायची, तर एका किलोमीटरला साधारण ५ मिनिटे ४१ सेकंद मिळतात. त्या गतीने पहिले १० किलोमीटर ५६ मिनिटे ५० सेकंदांच्या आसपास व्हायला हवे होते. तुम्ही ते सव्वातीन मिनिटे लवकर संपवले. अर्ध्या अंतरावर तुम्ही वेळापत्रकाच्या ५ मिनिटे २० सेकंद पुढे होता. तिथून पुढच्या अर्ध्याला तुम्हाला २ तास ३८ मिनिटे लागली. म्हणजे पहिल्या अर्ध्यात पाच मिनिटे कमावली आणि दुसऱ्या अर्ध्यात अडतीस मिनिटे गमावली. तुमची तयारी चार तासांची होती, पण तुम्ही सुरुवात केली ती पावणेचार तासांच्या धावपटूसारखी.

दुसरी गोष्ट हवेची. तुम्ही पुण्यात सराव केला. डिसेंबरच्या पहाटे पाषाणला हवा थंड आणि कोरडी असते, घाम येतो तसा उडून जातो. मुंबईत जानेवारीतही हवेत दमटपणा असतो, घाम अंगावरच राहतो आणि त्यामुळे शरीर थंड होत नाही. मग रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो आणि त्याच गतीसाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. स्नायूंतला साखरेचा साठाही लवकर संपतो, आणि तो संपला की तिसाव्या किलोमीटरनंतर तुम्ही वर्णन केले तेच होते. पेडर रोडला पोहोचेपर्यंत ऊनही वर आलेले असते. पुण्यातल्या १ तास ४९ मिनिटांच्या अर्ध मॅरेथॉनवरून मुंबईतल्या पूर्ण मॅरेथॉनचे भाकीत करताना या फरकाची काही मिनिटे सोडावी लागतात, आणि ती सोडायला तुम्हाला कोणीच सांगितले नाही, याचे मला वाईट वाटते.

घड्याळात नाडीचे ठोके नोंदले गेले असतील, तर आठव्या-नवव्या किलोमीटरचे ठोके आणि तुमच्या रविवारच्या धावेचे ठोके शेजारी शेजारी मांडून पाहा. जेल (धावताना घ्यायची साखरेची घट्ट पाकिटे) किती घेतली, कोणत्या किलोमीटरला घेतली, तेही आठवून लिहा. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत आणि एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅमच असतात; माझ्या २०१७ च्या धावेत मी चार तासांहून अधिक वेळात फक्त दोन जेल घेतल्या होत्या, आणि हे माझ्या लक्षात यायला पुढची दोन वर्षे गेली.

संगम माहुली (सातारा):

दख्खनवारा यांचे विश्लेषण अचूक आहे, परंतु पहाटधावदादा, ते आज करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. दहाव्या दिवशी आकडे मांडायला बसलेला माणूस स्वतःविरुद्ध पुरावे गोळा करत असतो. मी ते केले आहे.

आमच्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला एका वर्षी मी यवतेश्वरचा घाट चढून वर पोहोचले, वळसा घेतला आणि उताराला लागल्यावर तीन किलोमीटरच्या आत गुडघ्याने साथ सोडली. उरलेला रस्ता मी रुग्णवाहिकेत बसून खाली आले. काचेतून ओळखीच्या बायका धावताना दिसत होत्या. माझे माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्यातलेच, त्यामुळे संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाला ते कळले होते. त्या रात्री मी बसून स्वतःच्या चुकांची दोन पाने लिहिली. महिनाभराने ती वाचली, तेव्हा त्यांतली एकच नोंद खरी होती, की उतारावर धावण्याचा सराव मी केला नव्हता. बाकी सगळा राग होता.

मला ज्याचा उपयोग झाला ते सांगते. पहिले म्हणजे, मी विचारणाऱ्याला खरा आकडा सांगू लागले. ‘झाली पूर्ण’ म्हणून तुम्ही विषय बदलता, तेव्हा ती वेळ लाजिरवाणी आहे हे तुम्ही स्वतःलाच दर वेळी पुन्हा पटवता. ‘चार तेहेतीस लागले, चारच्या आत हवे होते, फार वाईट वाटले’ असे एकदा सरळ म्हणून पाहा. माझ्या अनुभवात समोरचा माणूस मान डोलावतो आणि चहा मागवतो, याहून अधिक काही होत नाही. दुसरे म्हणजे, तीन आठवडे मी घड्याळ कपाटात ठेवले आणि अजिंक्यताऱ्यावर नुसती चालायला गेले. नवीन स्पर्धेची नोंदणी या काळात अजिबात करू नका. आमच्या गटातल्या एका ताईंनी हुकलेल्या मॅरेथॉननंतर रागाच्या भरात पाच आठवड्यांवरची दुसरी मॅरेथॉन गाठली आणि पोटरी दुखावून घेऊन वर्ष घालवले.

आणि तुमच्या मुलीला खरे सांगा. बाबाला हवा होता तो आकडा आला नाही, हे सात वर्षांच्या मुलीला कळते.

पायपीट (ठाणे):

माझे वय ६४ आहे आणि अशा निराशा मी बऱ्याच पाहिल्या आहेत. वरच्या दोन्ही प्रतिसादांत तथ्य आहे, मला फक्त दोन मुद्दे जोडायचे आहेत.

पॉला रॅडक्लिफ यांच्या नावावर महिलांच्या मॅरेथॉनचा जागतिक विक्रम असताना त्या २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला गेल्या, आणि तिथल्या उन्हात सुमारे ३६ किलोमीटरनंतर थांबून रस्त्याच्या कडेला बसून रडल्या. पाच दिवसांनी १०,००० मीटरची शर्यतही त्यांना अर्धवट सोडावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. केनियाचे मॅरेथॉनपटू एलिउद किपचोगे २०२० मध्ये लंडनला आठवे आले आणि पुढच्या वर्षी जपानमधल्या साप्पोरोत ऑलिंपिक सुवर्णपदक घेऊन गेले. ही उदाहरणे मी यासाठी देतो, की तुमच्या पेडर रोडवरच्या प्रसंगाला तुम्ही तुमच्या स्वभावातली कमजोरी समजत असाल, तर तो समज मनातून काढून टाकावा. संपलेला साठा आणि तापलेले शरीर विक्रमवीरालाही बसवते.

दुसरा मुद्दा प्रकृतीचा. पाय बरे आहेत असे तुम्ही म्हणता, ते चांगले आहे. तरीही इतक्या दमवणाऱ्या धावेनंतर कोणाला गडद चहासारखी लघवी झाली किंवा स्नायूंची सूज उतरली नाही, तर मनाचे समाधान बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. हे तुमच्याप्रमाणेच इतर वाचणाऱ्यांसाठीही लिहितो आहे.

पहाटधाव (पुणे):

आपण तिघांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण संगम माहुलीताईंचे ऐकून मी घड्याळ खरोखरच कपाटात ठेवले होते. या काळात चार-पाच वेळा तळजाईवर चालायला गेलो. कार्यालयात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला खरा आकडा सांगितला. त्याने ‘बेचाळीस किलोमीटर सलग?’ एवढेच विचारले आणि चार तासांच्या लक्ष्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते, हे ऐकून मला अनपेक्षित हलके वाटले.

काल घड्याळ बाहेर काढून दख्खनवारा यांनी सांगितल्याप्रमाणे ठोके पाहिले. पाषाणच्या शेवटच्या लांब धावेत आठव्या किलोमीटरला १५१ होते, मुंबईत त्याच ठिकाणी १६९. मी मरीन ड्राइव्हवर असतानाच शरीर सांगत होते आणि मी फक्त गती पाहत होतो. जेलही तीनच घेतल्या होत्या, त्यांतली शेवटची २६ व्या किलोमीटरला.

पुढच्या जानेवारीची नोंदणी अजून केलेली नाही. मोठा भाऊ दादरला राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महिन्यातून एक रविवार त्याच्याकडे जाऊन शिवाजी पार्क ते वरळी अशा फेऱ्या त्या दमट हवेत मारून पाहायच्या, आणि तिथले ठोके पाहूनच काय ते ठरवायचे, असे त्याच्याशी बोलणे झाले आहे. मुलीला सगळे सांगितले. तिने फ्रिजवरच्या कागदावर ‘३:५९’ च्या खाली निळ्या स्केचपेनने ‘४:३३’ लिहिले आणि त्याच्याभोवतीही तसाच सूर्य काढला.